दोन पायडलांची गाडी

रविवार, सकाळचे सव्वासहा. वडनेर भोलजीला धुळे-नागपूर रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं छप्पर आहे. त्याखालच्या सिमेंटच्या हौदावर शालिग्राम ओणवा झाला आहे. हौदात त्याने तांब्याच्या नळीची वेटोळी करून बनवलेली एक जाळी बुडवली आहे. नळीचं एक तोंड रबरी बुचाने बंद केलेलं, दुसऱ्याला सायकलचा पंप जोडलेला. तो पंप मारतो आणि पाण्याकडे पाहत राहतो. बुडबुडा आला तर जोडाचा डाग कच्चा राहिला. आला नाही तर ही जाळी आता गाडीच्या नाकाखाली बसेल आणि दुपारी गाडी राजूरचा घाट चढायला निघेल.

गाडी उत्तमरावांची. आज ती घाट चढली नाही तर उद्या मलकापूरचा मिस्त्री येऊन तिची गिअरपेटी उतरवणार आणि तिथे लॉरीची साधी, क्लचवाली पेटी बसवणार. मग रंगराव ती गाडी चालवू शकणार नाही. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो आणि रंगरावाला डावा पाय गुडघ्याखाली नाही. रंगराव हा शालिग्रामच्या धाकट्या बहिणीचा, सोजराबाईचा नवरा.

बुडबुडा येत नाही. शालिग्राम जाळी उलटी करून पुन्हा बुडवतो.

शालिग्रामच्या घरी पिढ्यान् पिढ्या वांगी आणि मिरची. मळ्यात त्याचं मन रमलं नाही. विशीत तो नांदुऱ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागला, बॉयलरवर. त्याचं काम एकच होतं: बॉयलर थंड झाला की आत शिरायचं आणि नळ्यांवर बसलेला खार तासून काढायचा. पूर्णेच्या बाजूच्या गावांतल्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि लोखंडाच्या नळीत ते पाणी उकळलं की नळीच्या आत दगडासारखा थर धरतं. दहा वर्षं त्याने तो थर तासला. जिनिंग सुटल्यावर गावी येऊन त्याने रेडिएटरचं दुकान टाकलं, तेव्हा रस्त्यावरच्या लॉऱ्याही तेच पाणी पीत होत्या. कथील, नवसागर आणि डाग देण्याची सळई एवढ्यावर त्याचा धंदा चालला. त्याचा एक नियम होता आणि तो कामाला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो ऐकवायचा: पाण्यात बारीक नळी ठेवायची नाही. बारीक नळी खार आधी धरते. जाड नळ्यांचा, रुंद रेडिएटर बसवा, मग विहीर कोणतीही असो.

या नियमावर त्याचं नाव झालं, आणि तीन महिन्यांपूर्वी याच नियमाने घात केला.

उत्तमरावांकडे वडनेरला कपाशीची मोठी शेती आहे. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे त्रेसष्ट साली, त्यांनी नागपुरात एक जुनी अमेरिकन मोटार घेतली. काळी, रुंद, लांबीला दोन बैलगाड्यांएवढी. मागची गादी काढून त्यांनी समोरासमोर लाकडी बाकं बसवली आणि मागचा टप वाढवला. ड्रायव्हर सोडून नऊ माणसं बसू लागली. बुलढाण्याला कोर्ट आहे, कचेरी आहे, सरकारी दवाखाना आहे. वडनेरहून तिकडे जाणारं रोज कुणी ना कुणी असतंच. गावाने गाडीचं नाव म्हैस ठेवलं. काळी आहे आणि पाणी दिसलं की थांबते, एवढं कारण पुरलं.

या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. खाली पायडलं दोनच, एक ब्रेकचं आणि एक पेट्रोलचं. उत्तमरावांनी ठेवलेल्या पहिल्या ड्रायव्हरला हे शेवटपर्यंत जमलं नाही. त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, सापडायचा तो ब्रेक, आणि मागच्या बाकावरची माणसं एकमेकांच्या मांडीवर यायची. रंगराव तेव्हा पान ठेल्यावर बसून असायचा. आधी तो लॉरी चालवत होता. खामगावला माल उतरवताना कापसाची गाठ पायावर आली, आणि दवाखान्यात पाय कापावा लागला. नंतरची दोन वर्षं सोजराबाई मिरची तोडायला जायची आणि तो ठेल्यावर बसायचा.

एके दिवशी गाडी ठेल्यासमोर तिसऱ्यांदा आचका देऊन थांबली.

"अबे, थो डावा पाय बांधून ठेव," रंगराव बसल्या जागेवरून म्हणाला. "तठी त्याचं काम नाई."

ड्रायव्हर आधीच तापलेला. "तू चालवून दाखव ना मंग, लंगड्या."

रंगरावाने कुबडी मागच्या बाकावर टाकली, स्टिअरिंगमागे बसला आणि गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याने नेऊन परत आणली. मागे बसलेल्या एकाच्याही हातातला चहा सांडला नाही. त्याचं लायसन्स जुनंच होतं. पायांबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. उत्तमरावांनी दुसऱ्या दिवसापासून त्याला ठेवला. उभ्या जिल्ह्यात रंगरावाला चालवता येईल अशी ही एकच गाडी होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

यंदा फेब्रुवारीत म्हशीचा रेडिएटर खाराने बुजला. शालिग्रामने तो काढला आणि लॉरीचा बसवायचं ठरवलं. लॉरीचा रुंद, तो जुन्या जागेत मावेना. मग त्याने पुढची पट्टी कापली, लोखंडी अँगल जोडून रेडिएटर वीतभर पुढे घेतला, गाडीच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीच्या अगदी पाठीशी. बॉनेट पूर्वीसारखं मिटत नव्हतं. ते त्याने चामडी पट्ट्याने बांधलं. काम चांगलं झालं होतं. फक्त जुन्या रेडिएटरच्या खालच्या टाकीत त्याला एक गोष्ट सापडली. गिअरपेटीतून दोन बारीक नळ्या येत होत्या. त्या टाकीतल्या एका वेटोळ्याला जोडलेल्या होत्या आणि त्या वेटोळ्यातून गिअरचं तेल फिरत होतं. वेटोळं खाराने पांढरंफटक पडलं होतं.

शालिग्रामने विचार केला नाही असं नाही. ही गाडी ज्या मुलखातली, तिथे पाणी गोठतं, हे त्याने ऐकलं होतं. तिथे सकाळी तेल थिजत असणार. गरम पाण्यातून ते फिरवून पातळ करायची ही सोय असणार. वडनेरला तिची गरज काय? आणि पाण्यात बारीक नळी नको हा नियम होताच. त्याने वेटोळं टाकून दिलं आणि दोन्ही नळ्यांची तोंडं एका तुकड्याने एकमेकांना जोडून दिली. पेटीतून निघालेलं तेल वळसा घेऊन पेटीत परत जाऊ लागलं.

मार्चमध्ये ऊन चढलं तसा राजूर घाटात गिअर सुटू लागला. इंजिन ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. माणसं उतरवावी लागायची. गाडी थंड झाली की गिअर पुन्हा धरायचा. रंगरावाला पहिल्याच आठवड्यात जळक्या तेलाचा वास आला, आणि हा वास नव्या रेडिएटरनंतरचा आहे हेही त्याच्या लक्षात आलं. त्याने शालिग्रामला सांगितलं नाही.

का, ते इकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जावई सासरी जेवायला बसला आणि भाजी खारट निघाली तर तो भाजीला नाव ठेवत नाही, पाणी मागतो. बायकोच्या थोरल्या भावाच्या हातचं काम त्या भाजीसारखंच. रंगरावाने पाणी मागितलं, म्हणजे घाटात तो जास्त वेळा थांबू लागला. उत्तमरावांना तो सांगायचा, ऊन फार आहे, घाट जड जातो. एप्रिलमध्ये एका माणसाची कोर्टातली तारीख हुकली. त्यावर उत्तमरावांनी मलकापूरच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, ही पेटी इथल्या हवेची नाही, साधी बसवू.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोजराबाई माहेरी आली. आंब्याचा रस पिळता पिळता तिने विषय काढला.

"दादा, तुह्या रेडेटराचं एक सांगू का?"

"सांग."

"थे बसवलं तवापासून घाटात जळका वास येते म्हन्तेत. गिअर सुटते."

"कोन म्हन्ते?"

"घरचेच म्हन्तेत. कोन म्हनीन दुसरं?"

"मंग मले काऊन नाई सांगतलं जवाईबापूनं?"

"जवाई होये थो या घरचा. तुह्या कामात खोट काढीन का? मले बी बोलू नोको म्हन्ले व्हते." तिने कोय भांड्यात आपटली. "पन उत्तमराव पेटी बदलून राह्यले. थ्या पेटीवर आमचं घर हाये. आता लाज धरून काय करू?"

शालिग्राम त्याच दुपारी गाडीखाली शिरला. रंगराव नुकताच घाट करून आला होता. शालिग्रामने पेटीच्या तळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग आपणच जोडलेल्या तुकड्याला बोट लावलं. जाणारी नळी जेवढी पोळत होती तेवढीच येणारी. तेल पेटीतून तापून निघत होतं आणि तसंच तापलेलं परत येत होतं. तो बराच वेळ गाडीखाली पडून होता. त्या वेटोळ्याचं काम तेल गरम करण्याचं नव्हतं. पेटीतला ताप बाहेर काढून पाण्याला देण्याचं होतं.

वेटोळं पुन्हा पाण्यात बसवणं सोपं होतं, पण दिवाळीपर्यंत खार त्याला खाऊन टाकणार. म्हणून तेल वाऱ्यावर थंड करायचं, असं त्याने ठरवलं. पहिल्यांदा त्याने जाळी रेडिएटरच्या पुढ्यात धरून पाहिली; तिथे ती रेडिएटरचाच वारा अडवत होती. चाकाजवळ लावावी तर पावसाळ्यात काळी माती तिला लिंपून टाकणार. शेवटी त्याने जागा काढली ती रेडिएटरच्या खाली, बंपरच्या मागे, आडवी. वारा यावा म्हणून बंपरखालच्या पत्र्याला खाच पाडली. ऑइल इंजिनला लावतात तसली तांब्याची नळी घेतली. तिच्यावर जुन्या रेडिएटरच्या पितळी पट्ट्या कथलाने बसवल्या, पण नळीच्या तोंडांना कथील लावलं नाही. तापलेल्या तेलाने ते मऊ पडेल म्हणून तिथे पितळेचा पक्का डाग दिला. पाण्याचा रबरी पाइप तेलात फुगतो, म्हणून लॉरीच्या ब्रेकचे पाइप आणले. रेडिएटर पुढे सरकल्याने पंखा आणि तो यांच्यात फट पडली होती आणि पंखा मधलीच हवा घुसळत होता. त्या फटीभोवती पत्र्याचं कडं बसवलं.

उत्तमरावांकडे जाऊन तो एवढंच म्हणाला, "पेटी काढाच्या आंधी एक डाव पाहू द्या."

"पाहू," उत्तमराव म्हणाले. "पन बाराच्या उन्हात. नऊ मानसं बसवून. मोताळा सोडल्यावर बुलढान्यापावतर कोनी खाली उतरलं नाई पाह्यजे. उतरलं का मिस्त्री आला समज."

तर आज ती परीक्षा आहे. आठ वाजता शालिग्राम गाडीखाली उताणा आहे. रंगराव शेजारी खोक्यावर बसून नटबोल्टचे पाने देतो आहे. खालून त्याची एकच चप्पल दिसते.

"जवाईबापू," शालिग्राम खालून म्हणतो, "ह्या नळ्या मीच तोडल्या व्हत्या."

"हाव."

"म्हंजे, तुमाले मालूम व्हतं?"

"नळ्याचं नाई. वासाचं मालूम व्हतं."

"मंग एक शब्द बोलाचा व्हता ना."

रंगराव हातातल्या पान्याचं तेल पुसतो. "तुमी बी कधी इचारलं नाई, गाडी कशी चालते म्हून."

हे खरं आहे. बहिणीच्या नवऱ्याला त्याच्या नोकरीबद्दल विचारणं शालिग्रामला बरं दिसलं नव्हतं. तीन महिने दोघे दर आठवड्याला भेटत होते. पाऊसपाण्याचं बोलत होते, पोरांचं बोलत होते.

"अन् मी त्या घाटाले इतक्या शिव्या देल्या," रंगराव पुढचा पाना देत म्हणतो. "आता त्याची माफी तुमीच मागा."

दुपारी बाराला म्हैस मोताळा सोडते. नऊ माणसं आहेत: पुढे उत्तमराव आणि शालिग्राम, मागे सात. मागच्यांत केसरबाई आहे, बुलढाण्याला लेकीकडे निघालेली. मागच्या खेपेला ती निम्मा घाट चालली होती.

"आज म्या चप्पलच घरी ठेवली," ती शेजारणीला सांगते. "उतरा म्हन्लं तरी उतरत नाई. उचलून न्या म्हना."

राजूर सोडून घाट लागतो. ऊन डांबरावरून वर येतं आहे. पहिली वळणं जातात. रंगराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आहे. त्याचा उजवा पाय पेट्रोलवर हलका आहे आणि नाक खिडकीकडे नाही, आत आहे. वास येत नाही. गिअर धरून आहे. चढ तीव्र होतो तिथे गाडी आपोआप खालच्या गिअरवर येते आणि चढत राहते.

वरच्या एका वळणावर पाण्याच्या तापाचा काटा लाल पट्टीत जातो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येते. रंगराव गाडी कडेला घेतो.

"झालं," उत्तमराव म्हणतात.

"पानी उकळलं, मालक," शालिग्राम म्हणतो. "तेल नाई. गिअर कोठी सुटला?"

"थांबली ना पन."

शालिग्राम उतरून गाडीखाली हात घालतो. पेटीच्या तळाला हात लावतो आणि तिथेच ठेवतो. मग म्हणतो, "तुमी पाहा."

उत्तमराव उतरतात. धोतर सावरून गुडघ्यावर बसतात, हात आत घालतात. माणसं बाकावरून वाकून पाहताहेत. मागचं मात्र कुणी उतरलेलं नाही. उत्तमराव हात बाहेर काढून धोतराला पुसतात.

"गरम हाये. पन पोळत नाई."

"रेडेटर बदलाच्या आंधीबी पोळत नव्हती," शालिग्राम म्हणतो. "पेटीत दोष नव्हता. रेडेटर बसवताना मीच तेलाची नळी तोडली. मले वाटलं, थे तेल तापवाले ठेवली हाये."

उत्तमराव त्याच्याकडे पाहतात. "म्हंजे तीन महिने माह्या पाशिंजराले घाटात तू चालवलं?"

"हाव."

"चप्पल यानंच झिजवली म्हना माही," केसरबाई मागून म्हणते. बाकावर हसू पसरतं. उत्तमराव हसत नाहीत.

"माह्याकडे आला तवाच हे काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी मले गाडीले हात लावू देला नसता."

उत्तमराव बॉनेटकडे वळतात. रंगराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहतो आहे. या जागेवर त्याला पुन्हा बसायला मिळेल की नाही ते बाहेरच्या दोघांवर आहे.

पाणी निवायला वेळ लागतो. मग शालिग्राम ते भरतो आणि गाडी उरलेला घाट चढून बुलढाण्याला जाते. गिअर कुठेच सुटत नाही. पण पाणी उकळलं ही गोष्टही खरी आहे, आणि शालिग्रामला तिचं कारण कळलं आहे. खालच्या जाळीतून निघणारी गरम हवा थोडी रेडिएटरकडे जाते. नऊ माणसांच्या ओझ्याखाली पाणी उकळायला तेवढं पुरतं.

मागची सात माणसं बुलढाण्याला उतरतात. उत्तमराव बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहा पितात आणि मग, कुणाला न विचारता, परतीची सात माणसं गोळा करतात. गाडी घाट उतरते. राजूरला ते त्या सातांना सांगतात की गाडी पुन्हा वर जाऊन परत येणार आहे, भाडं घेणार नाही, बसून राहा. एक जण कुरकुरतो. यावेळी ओझं दोन माणसांनी कमी करायचं म्हणून उत्तमराव आणि शालिग्राम रस्त्याच्या कडेला झाडाखाली थांबतात. म्हैस सात माणसं घेऊन एकट्या रंगरावाच्या हाती घाट चढते.

 झाडाखाली उत्तमराव विचारतात, पावसाळ्यात त्या जाळीचं काय? शालिग्राम म्हणतो, चिखल बसेल; दर बाजाराच्या दिवशी धुवावी लागेल, ते माझ्याकडे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल का, ते त्याला सांगता येत नाही. तसं तो सांगतोही.

गाडी परत येते. रंगराव काच खाली करून सांगतो, "काटा अर्ध्यावर."

"वास?"

"नाई."

उत्तमराव गाडीत बसतात. वडनेर येईपर्यंत ते हिशेब करत असावेत, कारण घराजवळ उतरताना ते ठरवल्यासारखे बोलतात. "घाटाले सातच मानसं घ्याची. दोन जागा गेल्या माह्या." मग रंगरावाकडे पाहून, "मिस्त्रीले मी निरोप धाडतो. पेटी राहू दे."

रंगराव मान हलवतो. शालिग्राम आधीच दुकानाकडे वळला आहे. तिथे एक लॉरी उभी आहे आणि तिच्याखालून पाणी गळतं आहे.

संध्याकाळी मलकापूरकडे जाणाऱ्या एका गाडीवाल्याबरोबर निरोप गेला. उद्या सोमवार. बुलढाण्याचं कोर्ट भरायच्या आत पोहोचायचं म्हणून म्हैस वडनेरहून सकाळी साडेसातला निघते. उद्याही ती साडेसातलाच निघेल. माणसं सात, चालवणारा रंगराव.